अप्पांची नमुना तपासणी

नोकरी गेल्यापासून पृथ्वीराज ऑफिसला पूर्वीपेक्षा जास्त वेळेवर निघू लागला होता. नोकरी होती तेव्हा तो खुशाल टी-शर्टवर जायचा, एखाद्या दिवशी घरूनच काम करायचा. आता मात्र इस्त्रीचा शर्ट, टाय, खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात यामिनीने भरून दिलेला डबा असा जामानिमा करून सकाळी आठच्या आत तो दाराबाहेर पडे. दारात सासरे उभे असत. घड्याळाकडे पाहून ते मान डोलावत, आणि पृथ्वीराज कॅनडातल्या एटोबिकोच्या गार वाऱ्यात बसस्टॉपकडे चालू लागे.

विमानतळाजवळची त्याची कंपनी ऑगस्टमध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि इथलं ऑफिस बंद केलं. सासऱ्यांचं विमान पुढच्याच आठवड्यात उतरणार होतं.

"अप्पांना आत्ताच नको सांगूया," यामिनी म्हणाली होती. "पहिल्यांदाच येऊन राहिलेत ते. बीपी आहे त्यांना. तोवर तुला मिळेलच ना काहीतरी."

"आणि दिवसभर मी घरात दिसलो तर?"

"नको दिसूस."

अशा रीतीने हे ऑफिस सुरू झालं. ते बसच्या रस्त्यावरच्या लायब्ररीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत भरे. पृथ्वीराज तिथे बसून दिवसभर नोकऱ्यांना अप्लाय करी आणि सरकारकडून मिळणाऱ्या बेकारी विम्यावर, म्हणजे इथे सगळे ज्याला ईआय म्हणतात त्यावर, घरखर्चाचा आपला वाटा उचली. पैशाची चिंता होतीच. पण त्याला खरी धास्ती होती ती अप्पांची.

अप्पा, म्हणजे चंद्रकांत, नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून निवृत्त झालेले लेखापरीक्षक. लग्न ठरवताना इतर सासरे पत्रिका मागतात, यांनी पगारपत्रकं मागितली. तीही झेरॉक्स चालली नाही. पोहे गार होईपर्यंत सगळे कागद वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि "आक्षेप नाही" एवढंच म्हणाले. त्या दोन शब्दांवर पृथ्वीराजचं लग्न झालं. तेव्हापासून अप्पा नागपुरात भेटेल त्याला जावयाचं कौतुक सांगत आले होते. नोकरी काय, आज ना उद्या दुसरी मिळाली असती. अप्पांच्या मनातली ती जागा एकदा गेली की पुन्हा मिळणार नाही, असं पृथ्वीराजला वाटे, आणि त्या विचाराने त्याला खरोखर झोप लागत नसे.

अप्पांना मात्र कॅनडात छान झोप लागत होती. जागेपणी त्यांना सगळ्याचं कुतूहल. कचऱ्याच्या गाडीला एकच हात का, बसमध्ये कंडक्टर नाही तर फुकटे पकडतो कोण, फ्रिजमधल्या दह्यावरची तारीख कोणी ठरवली. प्रश्न कुठूनही सुरू झाला तरी शेवटी एकाच ठिकाणी येई. "ते ठीक आहे. पण हे तपासतं कोण?"

एका संध्याकाळी अप्पा कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातून उजळलेल्या चेहऱ्याने परत आले. तिथे त्यांचं रोज काही पंजाबी आजोबांबरोबर हिंदीतून अधिवेशन भरे.

"पृथ्वीराज," जेवायला बसल्यावर ते म्हणाले, "इथे म्हणे नोकरी गेली की सरकार पैसे देतं. ढिल्लोंसाहेब सांगून राहिले होते. खरं आहे?"

पृथ्वीराजच्या घशात भाकरीचा तुकडा अडकला. यामिनीने पाणी पुढे केलं.

"हो. म्हणजे... असतं तसं काहीतरी."

"आणि तो माणूस खरंच रिकामा आहे, हे तपासतं कोण?"

"दर पंधरवड्याला ऑनलाइन रिपोर्ट भरावा लागतो. या काळात काम केलंत का, देशाबाहेर होतात का, काम मिळालं तर करायला तयार होतात का, असे प्रश्न असतात. शेवटी सगळं खरं आहे असं डिक्लेअर करायचं. आणि कुठे कुठे अप्लाय केलं त्याची नोंद ठेवायची, कधीही मागू शकतात."

टेबलाखालून यामिनीने त्याला लाथ मारली. पण उशीर झाला होता.

"तुम्हाला बारीकसारीक माहिती आहे," अप्पा कौतुकाने म्हणाले.

"ऑफिसात एक जण आहे ना... म्हणजे होता. त्याला मिळतं."

"अस्सं. म्हणजे माणूस स्वतःच सांगणार, मी काम केलं नाही. आणि सरकार म्हणणार, बरं." अप्पांनी हातातला घास पुन्हा ताटात ठेवला. "पृथ्वीराज, आमच्याकडे असं असतं ना, तर मी एका दुपारी पॅरा काढला असता."

पॅरा काढणं म्हणजे लेखापरीक्षेच्या अहवालात ठपका ठेवणं. अप्पांच्या तोंडून हा शब्द निघाला की त्यांच्या डोळ्यांत पोरकट चमक येई. ती त्या संध्याकाळी आली आणि पृथ्वीराजची भूक गेली.

पुढचे काही दिवस अप्पा यामिनीचा टॅब्लेट घेऊन बसले. सरकारी वेबसाइटची पानंच्या पानं त्यांनी वाचून काढली आणि इतकी चांगली इंग्रजी सरकार लिहू शकतं याचं त्यांना नवल वाटलं. मग एका रात्री जेवताना, आमटी वाढून घेता घेता, त्यांनी सहज सांगितलं.

"आज मी टेस्ट चेक केला."

"कसला?" यामिनीने विचारलं.

"त्या विम्याचा. एक फोन नंबर दिलाय त्यांनी. कोणी काम करत असून भत्ता घेत असेल तर कळवा म्हणून. म्हटलं, कळवल्यावर हे खरंच हलतात का बघू. नमुना तपासणी. आम्ही खात्याखात्यांत जाऊन हेच करायचो, एक प्रकरण घ्यायचं आणि ते कुठपर्यंत जातं बघायचं."

"पण अप्पा, प्रकरण कोणाचं घेतलं?" पृथ्वीराजने विचारलं. त्याला उत्तराचा अंदाज आला होता.

"तुमचं."

यामिनीच्या हातातला डाव आमटीत बुडाला.

"आता बघा," अप्पा समजावू लागले, "मी त्या बाईंना स्वच्छ सांगितलं, काइंडली ट्रीट धिस अ‍ॅज अ सॅम्पल केस. एक मनुष्य रोज सकाळी डबा घेऊन, टाय लावून कामावर जातो. त्याने जर भत्ता घेतला, तर तुम्हाला कळेल का? त्या म्हणाल्या, नाव-पत्ता द्या. खोटं नाव कसं देणार? सरकारी दप्तरात खोटी नोंद मी जन्मात केली नाही. आणि खरं नाव दुसऱ्या कोणाचं दिलं, तर त्या बिचाऱ्याला त्रास. म्हणून ज्याच्याबद्दल माझी शंभर टक्के खात्री आहे, त्याचं दिलं."

"काय म्हणाल्या त्या?"

"थँक यू सर, वुई विल लुक इन्टू इट. छान बोलतात. आता बघायचं, किती दिवसांत हलतात!"

त्यांना फार दिवस लागले नाहीत. पृथ्वीराजच्या खात्यावर पुढचा भत्ता जमा झाला नाही. ऑनलाइन पाहिलं तर तिथे लिहिलं होतं, की प्रकरण तपासाखाली आहे. त्याने लायब्ररीच्या जिन्यात उभं राहून फोन लावला.

पलीकडच्या बाईने सौजन्याने सांगितलं, की आपण रोज कामावर जाता अशी माहिती आमच्याकडे आली आहे. डब्याचाही उल्लेख आहे.

"मॅडम, हे माझ्या सासऱ्यांनी सांगितलंय," पृथ्वीराज कळवळून म्हणाला.

"होय सर. त्यांनी आपलं नातं स्पष्ट केलं होतं. आणि आपल्याबद्दल ते फार चांगलं बोलले." एक अधिकारी आपल्याशी बोलायला घरी येतील, असं सांगून तिने फोन ठेवला. नक्की कधी, ते मात्र तिला सांगता येईना.

आता मोठाच पेच होता. अधिकारी आल्यावर पृथ्वीराज घरी दिसला नाही, तर तो कामावर गेलाय हे सिद्ध. घरी दिसला, तर तो कामावर जात नाही हे अप्पांपुढे सिद्ध. सरकारला जे पटवायचं, नेमकं त्याच्या उलट अप्पांना पटवायचं होतं, आणि दोघं एकाच सोफ्यावर बसणार होते.

"सांगून टाक त्यांना," यामिनी स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

"नको. मीच सांगेन. उद्या."

दुसऱ्या दिवशी सांगण्याऐवजी तो आजारी पडला. ताप आलाय म्हणाला आणि खिडकीतून रस्त्यावर नजर ठेवून पांघरुणात पडून राहिला. अप्पांनी आल्याचा काढा केला, कपाळावर हात ठेवला, हात पुन्हा ठेवून पाहिला आणि थर्मामीटर शोधायला गेले. पारा जागचा हलला नाही.

"ताप आत असेल," पृथ्वीराज क्षीणपणे म्हणाला.

असे दोन दिवस गेल्यावर तिसऱ्या सकाळी अप्पांनी स्वतःच त्याचा टाय आणून पलंगावर ठेवला. "असं घरी बसणं बरं नव्हे, पृथ्वीराज. ऑफिसात लोकांचा विश्वास असतो आपल्यावर."

त्याला निघावंच लागलं. मात्र तो बसमध्ये चढला नाही. रस्त्यापलीकडच्या स्टॉपवर काचेच्या आडोशाला बसून तो स्वतःच्याच घराचा दरवाजा न्याहाळत राहिला. एकामागून एक बस येई, ड्रायव्हर दार उघडून त्याच्याकडे बघे, हा मान हलवी. पाय गारठून गेले. अखेर एक राखाडी गाडी घरासमोर थांबली, फाइल घेतलेली एक बाई उतरली आणि तिने घंटी वाजवली. सिग्नल लाल होता. तो हिरवा होईपर्यंत पृथ्वीराजने पाहिलं, की अप्पांनी दार उघडलं, अगदी आनंदाने हात जोडले आणि बाईंना आत नेलं.

तो धापा टाकत आत पोचला तेव्हा त्या अधिकारी बाई, मिस हॉलोवे, सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे चहा होता, चिवडा होता, आणि अप्पा इंग्रजीतून साक्ष देत होते.

"व्हेरी पंक्च्युअल मॅन! मी आल्यापासून एक दिवस उशीर नाही. मध्ये दोन दिवस तापाने रजा, तेवढीच. तोही ताप थर्मामीटरवर दिसला नाही, तरी ते—" एवढ्यात त्यांना पृथ्वीराज दिसला. "अरे वा! मॅडम, हे बघा, हेच ते. पृथ्वीराज, लवकर कसे आलात? या मॅडम माझ्या टेस्ट चेकसाठी आल्यात. मी म्हटलं नव्हतं, सिस्टिम चांगली आहे!"

मिस हॉलोवेंनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. "गुड मॉर्निंग, सर. तुम्ही आत्ता कामावरून आलात का?"

"नाही," पृथ्वीराज म्हणाला.

"मग कुठून?"

"समोरच्या बसस्टॉपवरून."

"सकाळी निघाला होतात ना?" अप्पांनी मराठीत विचारलं. "सांगा ना त्यांना, ऑफिस कुठे आहे ते. संकोच कसला?"

दोघंही त्याच्याकडे बघत होते. एकीच्या हातात पेन होतं. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर असा काही विश्वास होता, की पृथ्वीराजला त्या पेनापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. त्याने बॅग खाली ठेवली.

"मला ऑफिस नाही, अप्पा," तो म्हणाला. "तुम्ही यायच्या आधीच नोकरी गेली. तो भत्ता घेणारा ऑफिसातला माणूस मीच. रोज लायब्ररीत जाऊन बसतो. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

मिस हॉलोवेंना अर्थातच काही कळलं नव्हतं. "सॉरी, ते काय म्हणाले?" त्यांनी अप्पांना विचारलं.

अप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. मग त्यांनी भाषांतर केलं. एकही शब्द गाळला नाही, पदरचा घातला नाही.

"ही सेज, ही हॅज नो ऑफिस. द जॉब वेंट बिफोर आय केम. ही सेज, ही गोज टू द लायब्ररी एव्हरी डे." आवाज जरा खाली गेला. "ही सेज, ही डिड नॉट हॅव द करेज टू टेल मी."

मिस हॉलोवेंनी लिहून घेतलं. "सर, असं बरेच जण सांगतात. लायब्ररीत जाता याला काही आधार?"

अप्पा उठून कोट चढवू लागले.

"अप्पा, कुठे निघालात?"

"प्रत्यक्ष पडताळणीला," अप्पा म्हणाले. "मॅडम, कम. बसल्या जागी तपास होत नसतो."

मिस हॉलोवे आपल्या गाडीतून आल्या, सासरे-जावई बसने गेले. लायब्ररीच्या दुसऱ्या मजल्यावर पाऊल ठेवताच काउंटरमागची बाई म्हणाली, "अरे, पृथ्वी! बरा आहेस ना? दोन दिवस तुझी खुर्ची रिकामी होती."

त्या खुर्चीच्या आसपास आणखी तिघं बसले होते. एक हैदराबादचा, एक फिलिपिनो, एक दिल्लीचे भाटियासाहेब. तिघांनीही टाय लावला होता. फाइल घेतलेली बाई पाहताच तिघांनी एकदम वर्तमानपत्रं उघडून तोंडापुढे धरली.

"हे सगळे?" मिस हॉलोवेंनी हळूच विचारलं.

"प्लीज," पृथ्वीराज म्हणाला. "त्यांच्याही घरी कोणीतरी आलेलं आहे."

त्याने लॅपटॉप उघडून अर्जांची नोंद दाखवली. मिस हॉलोवेंनी ती वरून खाली वाचली, मधली एक-दोन पत्रं उघडून पाहिली आणि पेनाला टोपण लावलं. पण अप्पांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि नकाराचं प्रत्येक पत्र वाचायला घेतलं. पगारपत्रकं वाचत होते तसेच, ओठ हलवत. वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू. अनफॉर्च्युनेटली. आफ्टर केअरफुल कन्सिडरेशन. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले.

"तुम्हाला नाही म्हणाले हे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हेही?"

"हो, अप्पा."

अप्पा मिस हॉलोवेंकडे वळले. "मॅडम, या माणसाला इतके जण नको म्हणतात," ते संतापून, लायब्ररीत चालत नाही एवढ्या मोठ्याने म्हणाले. "हे तपासतं कोण?"

मिस हॉलोवे म्हणाल्या की दुर्दैवाने ते त्यांच्या खात्यात येत नाही. थांबलेला भत्ता मात्र लवकरच सुरू होईल, आणि हे प्रकरण त्या बंद करत आहेत. जाताना अप्पांनी त्यांना गाठलंच. तपास चांगला झाला, पण येण्याची वेळ आधी कळवली असतीत तर या माणसाचे पाय गारठले नसते, अशी सूचना त्यांनी केली. बाईंनी तीही लिहून घेतली.

परतीच्या बसची वाट बघत दोघं बाकावर बसले. बर्फाचे पहिले चुकार कण पडत होते.

"माफ करा, अप्पा," पृथ्वीराज म्हणाला. "तुम्ही लग्नाच्या वेळी कागद बघून हो म्हणालात. म्हटलं, आता कागदच राहिला नाही तर..."

"गाढव आहे मी," अप्पा म्हणाले. "त्या दिवशी कागद वाचायला मला इतका वेळ का लागला, माहीत आहे? कागद दोन मिनिटांत झाले होते. तुम्ही आमच्या यामिनीशी कसे बोलता, ते ऐकत होतो. पण तसं सांगायची आमच्याकडे पद्धत नव्हती ना."

तेवढ्यात अप्पांच्या खिशातला फोन वाजला. नागपूरहून बळवंतरावांचा व्हिडिओ कॉल होता. बळवंतराव म्हणजे अप्पांचे चुलतभाऊ. त्यांचा जावई सिंगापूरला बँकेत होता, आणि दर कॉलमध्ये त्याला निदान एक बढती मिळायची.

"काय चंद्रकांत! कुठे आहेस? जावई काय म्हणतात?"

पृथ्वीराज चटकन उठू लागला. अप्पांनी त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं आणि फोन किंचित दुसऱ्या बाजूला वळवला.

"जावई ऑफिसला गेलेत," अप्पा म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच खोटं बोलत असल्यामुळे ते जरा जास्तच मोठ्याने म्हणाले.

तेवढ्यात थंडीने पृथ्वीराजला सणसणीत शिंक आली.

"कोण आहे रे बाजूला?"

अप्पांनी मान वळवून पृथ्वीराजकडे एकवार नीट पाहिलं.

"आहेत एक गृहस्थ. इथेच ओळख झाली."

"काय करतात?"

"सध्या नोकरी शोधून राहिलेत," अप्पा म्हणाले. "आज सगळं तपासलं मी त्यांचं. चांगला माणूस आहे. मिळेल त्यांना."

मग बस आली, आणि अप्पांनी फोन बंद केला.